रुद्रपूरला कोण जाणार

दसरा होऊन पंधरवडा उलटला तरी घरातलं वातावरण काही निवळत नव्हतं. शेवटी गोदावन्संनी फोनवरून फर्मान काढलं की जे काय बोलायचं ते एकदा समोरासमोर बसून बोला, आणि घरी नको, अंबडला कारखान्यातच बसा. घरी बसलं की दिवाकर पेपर उघडतो आणि तनय मोबाइल, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. म्हणून सुट्टीच्या वारी, मशीनं बंद असताना, सगळ्यांनी तिथे जमायचं ठरलं. आशाने सकाळी उठून थालीपिठांचा डबा भरला, दही घेतलं, लसणाची चटणी घेतली. उपाशीपोटी सुरू झालेलं भांडण लवकर आटपत नाही, एवढं तिला या घरात येऊन नक्की कळलं होतं.

भांडण कशावरून, हे मात्र तिला कळलं होतं आणि नव्हतंही. कारण भानगडी दोन होत्या आणि दोन्हींचा गुंता झाला होता. पहिली अशी की, ज्या मोठ्या कंपनीसाठी त्यांचा कारखाना गिअरबॉक्समधले शाफ्ट बनवायचा, ती कंपनी आपला नवा छोटा टेम्पो नाशकात न बनवता लांब उत्तरांचलात, रुद्रपूरला बनवणार होती. तिथे सरकारने कर माफ केले होते. कंपनीने शाफ्टवाल्यांना, नटबोल्टवाल्यांना, सगळ्यांनाच सांगितलं होतं, चला आमच्याबरोबर, आमच्या फाटकाशेजारी शेड टाका. माल साठवून ठेवायचे दिवस गेले, सकाळी आलेला माल दुपारी गाडीत बसला पाहिजे. दुसरी भानगड अशी की, दसऱ्यानंतर पाठवलेला शाफ्टचा अख्खा लॉट कंपनीने परत पाठवला होता. सगळे शाफ्ट जाड भरले म्हणे.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं सून तेजश्री म्हणायची. संबंध आहेच, असं तनय म्हणायचा. दिवाकरराव काहीच म्हणायचे नाहीत, आणि आशाला त्याचीच जास्त धास्ती वाटायची. रुद्रपूरला हो की नाही, हे सोमवारी कंपनीला कळवायचं होतं.

आशाला शाफ्टमधलं काही कळत नव्हतं. तिला हवं होतं ते एकच, तनयने जाऊ नये. एकुलता एक मुलगा, सुनेला सहावा महिना लागलेला, आणि हा म्हणे हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन शेड टाकणार. पहिलं नातवंड काय फोनवर रडताना ऐकायचं? तिने देव पाण्यात घातले नव्हते, पण गोदावन्संना मात्र रोज फोन केला होता. वन्सं म्हणजे दिवाकररावांची थोरली बहीण. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि कारखान्यात भागीदार. त्यांच्या सहीशिवाय बँक दारात उभं करणार नव्हती. काल फोनवर वन्सं स्वच्छ म्हणाल्या होत्या, "मी नाहीच म्हणणार गं, तू काळजी करू नकोस." त्यामुळे आज निघताना आशाचं मन बरंच हलकं होतं.

गाडी तेजश्री चालवत होती. पोट स्टिअरिंगला लागायला आलं तरी बाई ऐकायची नाही. त्रिमूर्ती चौकातल्या गर्दीतून गाडी बाहेर पडली तशी ती म्हणाली, "आई, एक सांगू? पण कुणाला बोलायचं नाही."

"सांग की."

"मला नाही जायचं तिकडे."

आशाला एवढा आनंद झाला की तिला खिडकीबाहेर बघावं लागलं. "मग तनयला सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर तो राहील, पण जन्मभर म्हणेल, तुझ्यामुळे राहिलो. मला तो ठपका नको. बाबांनी नाही म्हटलं म्हणून राहिला, तर ते वेगळं. बापलेकांचं ते बघून घेतील."

"बरोबर आहे तुझं. माझ्या पोटात राहील हो," आशा म्हणाली. आणि तिला खरंच तसं वाटलं होतं.

कारखान्याच्या फाटकावर काळू बसला होता. तो इगतपुरीकडचा. आधी लेथवर होता, डोळ्याला कमी दिसायला लागलं तेव्हा दिवाकररावांनी त्याला फाटकावर बसवलं. त्याने गाडी आत घेतली आणि डबा उतरवायला हात पुढे केला.

"वयनी, मशिनी जानार हायेत म्हनं तिकडं लांब?"

"कोण म्हणालं तुला?"

"समदेच म्हनत्यात टपरीवर."

"काही ठरलं नाही रे अजून."

"ठरलं का सांगा. म्हंजी मी बी घरी भात कापाया मोकळा." तो हसला, पण हसून झाल्यावरही फाटक लावायचं सोडून तिच्याकडे बघत राहिला.  तिने चहा टाकायला सांगितलं.

आत मशीनं गप्प उभी होती. खंडेनवमीच्या पूजेचे झेंडूचे हार अजून तसेच होते, सुकून करडे पडलेले. कारखान्यातली खंडेनवमी हे आशाचं खातं. तिचे सासरे त्र्यंबकराव, म्हणजे अण्णा, गोदावरीच्या घाटावरचं उपाध्येपण सोडून सातपूरला पहिलं लेथ घेऊन बसले, तेव्हा भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं होतं. यजमानांचे पिंड पाडायचे सोडून लोखंड घासत बसलाय, असं म्हणायचे. म्हाताऱ्याने ते मनाला लावून घेतलं आणि मग घरातले बाकी सगळे कुळाचार सोडले तरी खंडेनवमी सोडली नाही. प्रत्येक मशीनला, प्रत्येक हत्याराला स्वतःच्या हाताने हळदकुंकू. त्यांच्यामागे ते आशाकडे आलं. यंदा तर कारखान्यात माल तपासणाऱ्या तेजश्रीसाठी मोजमापाची नवी वातानुकूलित खोली झाली होती, तर आशाने तिथेही पाट मांडून साग्रसंगीत पूजा केली होती. सुनेच्या खोलीला कमी नको.

ऑफिसात दिवाकरराव आधीच येऊन बसले होते. वन्सं रिक्षाने आल्या, रिक्षावाल्याशी भाडं या विषयावर थोडं बोलून आत आल्या, आणि खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाल्या, "हं. तनय, तू सांग. मला शाळेतल्या पोरांना सांगतात तसं सांग."

तनय फळ्यापाशी उभा राहिला. त्याला फळा लागतोच. "आत्या, हे बघ. कंपनीला आज शाफ्ट देणारे बरेचजण आहेत. पुढे ते दोघंच ठेवणार. जो तिकडे येईल तो राहील."

"आणि न येणाऱ्यांनी काय करायचं?"

"दुसरं गिऱ्हाईक शोधायचं. पण ते तरी कुठून आणणार? आपण जो शाफ्ट इथे घासून देतो, तो चीनहून तयार येतो, आपल्याला नुसतं पोलाद पडतं त्या भावात."

"सरकारने तिकडे कर का माफ केला?"

"तिकडे उद्योग यावेत म्हणून."

"मग इथले उद्योग तिकडे गेले, की इथे उद्योग यावेत म्हणून सरकार काय करणार?"

तनय फळ्याकडे वळला. आशाला मनातून गुदगुल्या झाल्या. वन्सं आपल्या बाजूने आहेत म्हणजे आहेत.

दिवाकरराव इतका वेळ टेबलावरची काच बघत होते. ते म्हणाले, "जकात सोसली. वीज जायला लागली, जनरेटर घेतला. सर्टिफिकेट पाहिजे म्हणाले, ते घेतलं. जमिनीवर पिवळे पट्टे मारा म्हणाले, मारले. दरवर्षी भाव कमी करा म्हणाले, तोही केला. आता म्हणतात गाव सोडा."

"बाबा, ते गाव सोडा म्हणत नाहीयेत. नवीन युनिट टाका म्हणताहेत."

"आणि या युनिटला काम कुठलं देणार?"

"ते बघू."

"बघू म्हणजे?"

"बाबा, तुम्ही मूळ मुद्दा टाळताय," तनयचा आवाज चढला. "लॉट परत आलाय. अख्खा लॉट. आपली ग्राइंडिंगची मशीनं म्हातारी झालीत. तिकडे नवी घेता येतील, सवलतीत. इथे या मशीनांवर तुम्ही किती दिवस काढणार?"

आता दिवाकरराव उसळणार, म्हणून आशाने थालीपिठाचा डबा उघडायला घेतला. ती मशीनं त्यांनी स्वतः जाऊन आणली होती. मशीनांबद्दल कुणी काही बोललेलं त्यांना खपत नसे. पण ते उसळले नाहीत. नुसतं म्हणाले, "असेल. झिजली असतील." आणि पुन्हा काच बघायला लागले.

हे काहीतरी वेगळंच होतं. वन्संनीही भुवया उंचावून भावाकडे बघितलं. आशाला वाटलं, यांनी आत्ताच शस्त्र खाली ठेवलं तर संध्याकाळपर्यंत तनयची बॅग भरली जाईल. ती एरवी कारखान्याच्या बोलण्यात पडत नसे. आज पडली.

"म्हणजे मशीन खराब असेल तर जायचं, आणि चांगलं असेल तर राहायचं. असंच ना?"

कुणी हो म्हणालं नाही, नाहीही म्हणालं नाही. आशाने ते हो धरलं.

"मशीनचा काही दोष आहे असं मला वाटत नाही," तेजश्री कोपऱ्यातून म्हणाली. ती इतका वेळ परत आलेल्या शाफ्टचा ट्रे मांडीवर घेऊन बसली होती. "माझ्या खोलीत मोजले तर हे सगळे बरोबर भरतात. कंपनीत मोजले तर सगळे जाड भरतात."

"तेच तर! आपलं सगळंच बिघडलंय," तनय म्हणाला.

"ऐक ना. मशीन झिजलं असतं तर एक जाड आला असता, एक बारीक. हे सगळे जाड आहेत, आणि सगळे सारखेच जाड आहेत. म्हणजे मशीनला जेवढं सांगितलं तेवढंच त्याने घासलंय. सांगणाऱ्याचंच चुकलंय."

"सांगणारी तूच," वन्सं म्हणाल्या.

"हो ना आत्या. म्हणून तर रात्री झोप नाही."

ती उठली आणि सगळे तिच्या मागोमाग त्या थंडगार खोलीत गेले. वन्संना समजावं म्हणून तिने मखमलीच्या डबीतून बोटाएवढा एक चकचकीत दांडा काढला. "हा मास्टर. शाफ्ट नेमका केवढा हवा ते हा सांगतो. आधी हा इथे ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग शाफ्ट ठेवायचा. काटा शून्यावर राहिला तर शाफ्ट बरोबर. आपण सगळं याच्याशी ताडून बघतो, याला मात्र कुणी ताडून बघत नाही. नवा आहे, गेल्या महिन्यातच आला."

"मग याच्यात काय चूक असणार?" तनय म्हणाला.

"तेच बघतेय." तिने कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं, दांडा चोळला आणि बोळा उजेडात धरला. मग पुन्हा चोळला, जोर लावून.

बोळा गुलाबी झाला होता.

 मग एकेकाची मान आशाकडे वळली.

"अगं बाई," आशा म्हणाली.

तिला सगळं आठवलं. मखमलीत ठेवलेला तो दांडा तिला खोलीतला देवच वाटला होता. त्याला बाहेर काढून, ओलं बोट फिरवून, हळदकुंकवाचे दोन पट्टे तिनेच ओढले होते. "पण मी पुसलं होतं गं नंतर! तेलाचा हात लावून पुसलं होतं."

"तेलाने आणखीनच बसलं असेल, आई. डोळ्याला दिसत नाही, पण काट्याला दिसतं." तेजश्रीने स्वच्छ मास्टर ठेवून काटा पुन्हा शून्यावर आणला आणि परत आलेला एक शाफ्ट त्याखाली सरकवला. काटा टुणकन बाजूला गेला. जाड. दुसरा ठेवला, तोही तेवढाच जाड. केसाचीही जाडी नव्हती ती, केसाचा एखादा अंश. पण कंपनीच्या गिअरबॉक्सला तेवढीही चालत नव्हती.

आशाला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटत होतं. आणि त्याच वेळी तेजश्री हसत होती. "आई, अहो, घाबरू नका. जाड आहेत म्हणून वाचलो. पुन्हा थोडे घासले की झालं. बारीक असते तर भंगारात गेले असते."

तनयने कपाळाला हात लावला. "पण कंपनीला लिहायचं काय? ते नुसतं कारण विचारत नाहीत. कारणाचं कारण, त्याचं कारण, असं पाच वेळा 'का' विचारायचं आणि मुळाशी जायचं. त्यांचा नियमच आहे."

"मग जा की मुळाशी," वन्सं म्हणाल्या. "शाफ्ट जाड का झाला?"

"मास्टरला कुंकू होतं म्हणून."

"कुंकू का होतं?"

"खंडेनवमी होती म्हणून."

"खंडेनवमी का करतात?"

"आत्या..."

"पांडवांनी अज्ञातवासात शमीच्या झाडावर शस्त्रं ठेवली होती म्हणून. लिही. आणि शस्त्रं का ठेवली, तर द्यूत हरले होते म्हणून. आता याच्यापुढे त्यांना काय पाहिजे?"

तनयला हसू आवरेना. तेजश्री पोट धरून खुर्चीत बसली. आशासुद्धा हसली, रडू येत असताना हसली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच ते सगळे एका गोष्टीवर एकत्र हसत होते. थालीपिठं निवली होती, तरी सगळ्यांनी भराभर खाल्ली. काळू चहा घेऊन आला आणि एकेकाचे चेहरे बघून बुचकळ्यात पडून गेला. आशाला वाटलं, देवीनेच केलं हे. चूक आपल्या हातून झाली खरी, पण त्यातून मुलगा घरात राहिला.

"झालं तर मग," ती दिवाकररावांच्या पानात चटणी वाढत म्हणाली. "मशीन चांगलं निघालं. आता कुणी कुठे जायचं नाही."

दिवाकररावांनी तिच्याकडे बघितलं. हसण्यात ते नव्हते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"मशीन चांगलं निघालं, तेच वाईट झालं आशा."

"म्हणजे?"

"पंधरा दिवस मी मनाची समजूत घालत होतो. मशीनं झिजली, काम बिघडलं, म्हणून ऑर्डर चालली. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. कुणाला दोष नाही, काही ठरवायला नको." ते सावकाश बोलत होते, शब्द जुळवत. "आता कळलं, मशीन ठणठणीत आहे. काम चोख आहे. आणि तरी ऑर्डर जाणारच आहे. अण्णांनी मला एकच शिकवलं होतं, काम चोख ठेव, गिऱ्हाईक कुठे जात नाही. मी तेच केलं. पण आता तसं राहिलेलं नाही. कंपनीला चोख काम तर हवंच, वर आपण फाटकाशी हवे."

 आशाला ते पटतही होतं आणि पटवून घ्यायचंही नव्हतं. तिने वन्संकडे बघितलं, आता तुम्हीच बोला अशा डोळ्यांनी.

वन्संनी ताटात हात धुतला. "मग जायला हवं," त्या म्हणाल्या.

"वन्सं! काल तर तुम्ही फोनवर..."

"काल मला वाटत होतं आपलं काम बिघडलंय. बिघडलेलं काम घेऊन परमुलखात कशाला जायचं, इथेच झाकून बसावं. पण काम चांगलं असेल तर भीती कसली? अण्णा घाटावरून सातपूरला आले, तेव्हा त्यांना तरी कोण ओळखत होतं?"

आशाचं डोकं गरगरायला लागलं. मशीन चांगलं असेल तर राहायचं, असं तिने धरलं होतं. या बाईने त्याच मशीनवरून नेमकं उलटं धरलं होतं, आणि बोलत अशा होत्या की ऐकणाऱ्याला तेच खरं वाटावं. सकाळपर्यंत दोन बाजू होत्या, आणि कोण कुठे ते तिला पाठ होतं. आता कोण कुठे बसलंय तेच कळेना.

"ठीक आहे," दिवाकरराव म्हणाले. "तनय, सोमवारी कळव त्यांना. येतो म्हणावं."

आशाने मुलाकडे बघितलं. पंधरा दिवस याच उत्तरासाठी तो भांडला होता, खरं तर त्याने टाळी द्यायची. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"एवढी घाई नको बाबा," तो म्हणाला. "म्हणजे, तिकडे माणसं कशी मिळतील ते बघायला हवं. जागेचं अजून नक्की नाही. वीज मिळते म्हणतात, पण..."

"हे सगळं तूच सांगत होतास ना, मिळतं म्हणून?"

"हो, पण कागदावर वेगळं आणि..."

तो अडखळला तसा आशाचा धीर सुटला. मुलाच्या तोंडावर नको लिहिलेलं तिला दिसत होतं, आणि ते आणखी कुणालाच दिसत नव्हतं. "अहो, त्याला कसलं विचारताय?" ती जवळजवळ ओरडलीच. "तेजूलाच जायचं नाहीये! सकाळी गाडीत तिनेच मला सांगितलंय. सहावा महिना आहे पोरीला, आणि तुम्ही सगळे..."

 तेजश्री तिच्याकडे बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "आई, मी तुम्हाला काय म्हटलं होतं?"

"अगं, मी तुझ्याच भल्यासाठी..."

"मला का नाही सांगितलंस?" तनय बायकोला म्हणाला.

"तू विचारलंस का कधी? आपण जायचं, आपण शेड टाकायची. आपण म्हणजे कोण, ते मला कधी कळलंच नाही."

तनय खाली बसला. मग म्हणाला, "मला वाटलं बाबा काही झालं तरी नाहीच म्हणणार. मग निदान मी म्हटलं होतं, एवढं तरी राहील. उद्या कारखाना बसला तर दोष माझ्यावर येणार नाही."

"म्हणजे जायचं कुणालाच नव्हतं," वन्सं म्हणाल्या, "आणि पंधरा दिवस भांडण चाललंय जाण्यावरून! माझ्या शाळेतली पोरं बरी होती रे तुमच्यापेक्षा."

आशा मान खाली घालून डबे आवरायला लागली. सुनेने मन मोकळं केलं ते दुपारपर्यंतही तिला सांभाळता आलं नव्हतं, याची तिला लाज वाटत होती. पण खरं सांगायचं तर त्या लाजेखाली समाधान होतं. तनय राहत होता. तेजू दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल. बाळ झालं की कोण रागावून बसतंय?

"मला जायचंय," दिवाकरराव म्हणाले.

आधी कुणी लक्षच दिलं नाही.

"मी जातो रुद्रपूरला. तनय इथलं बघेल, तेजू आहेच. जुन्या गाड्यांचे सुटे भाग काही वर्षं लागतीलच, तेवढ्यावर हे युनिट चालवा आणि नवं गिऱ्हाईक शोधा. तिकडचं मी उभं करतो."

"तू?" वन्संच्या तोंडून गेलं. "दिवाकर, साठीला आलास तू."

"म्हणूनच. आत्ता नाही तर केव्हा?" त्यांच्या आवाजात आशाने कितीतरी वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं. "अक्का, हा कारखाना अण्णांनी मांडलेला होता. मी तो सांभाळला, वाढवला, पण मांडला नाही. मोकळ्या जमिनीवर पहिलं मशीन मी कधी बसवलंच नाही. मला वाटायचं आपली वेळ गेली. आत्ता तेजूने काटा फिरवून दाखवला ना, तेव्हा पहिला विचार हाच आला, की काम येतं आपल्याला. अजून येतं."

तनय उठून वडिलांपाशी गेला आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. वन्संनी चष्मा काढून पुसला. "आणि आशा?" त्यांनी विचारलं.

"आशा इथेच राहील," दिवाकरराव लगेच म्हणाले. "तेजूचं बाळंतपण आहे, पुढे बाळ आहे. तिचं सगळं इथे आहे. मी काय, खोली घेऊन राहीन. मेस असते."

सगळं बरोबर होतं. यातला एकही शब्द आशाला नको होता असं नाही. मुलगा घरात, सून घरात, नातवंड मांडीवर. देवापुढे बसून तिने जे मागितलं होतं ते सगळं तिला मिळालं होतं, आणि तरी ते गोड लागेना. इतक्या वर्षांचा संसार, आणि या माणसाने चहाचा कप सरकवावा तितक्या सहज तिला बाजूला ठेवलं होतं. तिला राग आला. मग वाटलं, राग कसला, आपण तरी पंधरा दिवसांत एकदा तरी यांचा विचार केला का? तनय जाईल, तनय जाईल, एवढंच डोक्यात. हे जातील असं स्वप्नातही आलं नाही, कारण यांना कुठे जावंसं वाटत असेल हेच कधी मनात आलं नाही. त्याने राग कमी झाला नाही, वाढलाच.

"अहो, मला एकदा विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली. सगळ्यांसमोर असं बोलायची तिला सवय नव्हती. "येतेस का म्हणून."

दिवाकररावांनी तिच्याकडे नीट बघितलं. "विचारलं असतं तर आली असतीस?"

तेजश्री आपल्याकडे बघतेय, तनय बघतोय, हे आशाला कळत होतं. हो म्हणणं सोपं होतं. ते सगळ्यांना आवडलं असतं, आणि त्यासाठी काही मोलही द्यावं लागलं नसतं. पण सकाळपासून इतकं काही उलटंपालटं झालं होतं की आता आणखी एक खोटं तिच्याने बोलवेना.

"नसते आले," ती म्हणाली.

"म्हणूनच नाही विचारलं," दिवाकरराव म्हणाले, आणि तनयकडे वळून रुद्रपूरला जायचं तर गाडी कुठे बदलावी लागते ते विचारू लागले.